बेगडी चिलखते

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये असा एक सभ्य संकेत आहे. समोर चकलीची ताटली असताना माणसाने गोड बोलावे, हे बरे. पण हे भांडण मी गेल्या शिवजयंतीपासून पोटात धरून आहे. आणखी लांबवून शिमग्याला काढले तर लोक म्हणतील, मास्तरांना भांग चढली. म्हणून आत्ताच काढतो. शिवाय दिवस किल्ल्यांचे आहेत. इतवारीत ज्या घरापुढे चार हात मोकळी जागा उरली आहे तिथे पोरे कोपरापर्यंत चिखलात बुडालेली आहेत. दगडांवर पोती टाकून, त्यांवर माती लिंपून, मोहरी पेरून ती डोंगर उभा करतात. बुरूज ढासळला तर रडतात आणि पुन्हा लिंपतात. त्या पोरांशी माझे काही भांडण नाही. त्यांची माती खरी असते आणि मेहनतही खरी असते. भांडण आहे ते त्यांच्या बापांशी, काकांशी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांशी.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत जे मावळे चालतात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत जे सरदार गरजतात, चौकाचौकांत ज्या लढाया होतात, त्यांच्या अंगावर काय असते ते एकदा जवळ जाऊन बघा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला चंदेरी कागद. फार तर चकचकीत जाळीचे कापड, आणि छातीवर प्लास्टिकचा फुगीर पत्रा. घामाने कागद सुटू लागला की मावळा तो एका हाताने दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने तलवार फिरवतो. जुन्या मराठीत अशा चकचकीत वर्खाला बेगड म्हणत, आणि त्यावरून खोट्या माणसाला बेगडी म्हणू लागले. आपण ज्यांना शूरांचा वेष म्हणतो ती ही बेगडी चिलखते आहेत, आणि मुलांना आपण ती खरी म्हणून दाखवतो. माझी तक्रार एवढीच आहे. पण ती वाटते तेवढी लहान नाही.

शब्दच पाहा ना. 'जिरेटोप' म्हटले की बाजारात मिळणारी, मोत्यांची झालर लावलेली कापडी टोपी आपल्या डोळ्यांपुढे येते. त्यातले जिरे म्हणजे फोडणीतले जिरे नव्हे. फारसीत 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले चिलखत. तेव्हा जिरेटोप म्हणजे मुळात डोके वाचवणारे लोखंड. त्यातले लोखंड गेले आणि मोती तेवढे राहिले. मोत्यांना माझा विरोध नाही, पण मोत्यांनी तलवारीचा वार अडत नाही.

आता १० नोव्हेंबर १६५९ हा दिवस घ्या. प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले ते महाराष्ट्रातले शेंबडे पोरही सांगेल. खानाने मिठीत घेऊन वार केला, तो अंगरख्याखालच्या चिलखताने झेलला आणि महाराज वाचले. पुढचा सारा इतिहास त्या कड्यांवर तोलला गेला होता. आणि नीट ध्यानात घ्या, चिलखत अंगरख्याच्या आत होते. ते कुणाला दाखवण्यासाठी घातलेले नव्हते. वार बसेपर्यंत ते खानाच्याही ध्यानात आले नसेल. आपल्या मिरवणुकीतला मावळा मात्र ते सगळ्यांत वर घालतो, कारण भाडे चिलखताचे दिलेले असते. ते दिसले नाही तर मंडळाचे पैसे वाया!

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांसाठी दिलेली वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्यात आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ साली निघालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांना पाहायला ठेवली गेली. ती नेमकी त्याच प्रसंगातली आहेत अशी हमी त्या संग्रहालयानेही दिलेली नाही. तो वाद इथे नको. मी वर्गातली पोरे घेऊन गेलो होतो. काचेशी नाक लावून पोरे नखांकडे बघत होती. तेवढ्यात एकाने विचारले, "गुरुजी, अन् महाराजांचं चिलखत कुठं हाये?"

हा प्रश्न मोठ्या माणसांना पडलेला मी पाहिलेला नाही. मारणाऱ्या हत्याराचे आपल्याला फार कौतुक. वाचवणाऱ्या वस्तूचे नाही. वाघनखांवर पोवाडे होतात. ज्या कारागिराने एकेक कडी जोडून ते चिलखत घडवले त्याचे नाव एकाही बखरकाराला लिहावेसे वाटले नाही. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचीही तीच कथा. नायकाचे चिलखत पहिल्या प्रकरणात चकाकते, तिसऱ्या प्रकरणात खणखणते, आणि पंधराव्या प्रकरणात नायक ते घालूनच नायिकेच्या मांडीवर डोके ठेवतो. दहा-बारा किलोचे लोखंड मांडीवर आले तर नायिकेचे काय होईल याचा विचार लेखकाने केलेला नसतो.

आता आपल्या नागपूरच्याच गोष्टीकडे येतो. रघूजीराजे भोसले, पहिले, यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनमध्ये सोदबीच्या लिलावात निघाली आणि २९ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. मला आनंद झाला, नागपूरकराला होणारच. पण ती तलवार आहे कशी ते किती जणांनी वाचले? तिचे पाते युरोपी बनावटीचे आहे. म्हणून तिला 'फिरंग' म्हणत, आणि पात्यावर सोन्याने देवनागरीत जो लेख आहे त्यातही ती फिरंग असल्याचे अभिमानाने लिहिले आहे. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, आपल्याकडची. म्हणजे सेनासाहेबसुभा असलेल्या माणसाने चांगले पोलाद परदेशातून घ्यायला कमीपणा मानला नाही. पण मूठ, म्यान, सोन्याचे कोंदण, झिलई हे सारे आपल्या कारागिरांच्या हातचे असे. तलवार पुरी होते ती या शेवटच्या हातांनी. पात्याला मूठ नीट बसली नाही तर जगातले उत्तम पोलादही फुकट.

ते शेवटचे हात कुठे गेले? १८१७ साली सीताबर्डीवर पराभव झाला, १८५४ साली राज्य खालसा झाले, फौज मोडली, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलेसुरले गिऱ्हाईकही संपवले. लोहार विळे-कुऱ्हाडींकडे वळले. तलवारींना झिलई आणि धार देणारे शिकलगार कात्र्या-सुऱ्यांना धार लावीत दारोदार फिरू लागले. जीन, म्यान आणि ढाली करणारे जिनगर दुसऱ्या धंद्यांत विखुरले. हे इंग्रजाने केले, कबूल. पण १९४७ नंतर आपल्याला कुणी अडवले होते?

माझे घर इतवारीत आहे. दोन गल्ल्या ओलांडल्या की लोहाओळी, पुढे भांडेओळी. सकाळी उठवायला मला कोंबडा लागत नाही. पत्र्यावरचा हातोडा पुरतो. पूर्वीसारखा तो दिवसभर चालत नाही, कारखान्यातले स्टीलचे डबे येऊन पडतात आणि दुकानदार नुसते विकतात, हे खरे. तरी काही हात शिल्लक आहेत. सपाट पत्र्यातून घागरीचा गोल काढणारा तांबट काय करतो ते कधी उभे राहून पाहा. पत्रा लाल तापवून मऊ करायचा, ओंडक्यातल्या खळग्यात ठोकून खोलवायचा, मग लोखंडी खरवईवर पालथा घालून हलक्या हाताने सारखा करत न्यायचा. या शेवटच्या ठोकणीला मठारणे म्हणतात. तिने नुसती शोभा येत नाही, धातू घट्ट होतो. शिरस्त्राणाचा घुमट याच रीतीने होतो. छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे पट्ट्यांनी जोडले की 'चार-आईना' होतो. तो कढई ठोकणाऱ्याला अवघड नाही. जो माणूस हंड्याचा काठ वळवतो त्याला चिलखताच्या पत्र्याचा काठ वळवणे शिकवावे लागत नाही. आणि काठ वळवलाच पाहिजे, नाहीतर तो घालणाऱ्याच्याच बगलेत घुसतो.

कड्यांच्या चिलखताला कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. लोखंडी तार तापवून राखेत हळूहळू निववायची म्हणजे ती मऊ होते. सळईभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळायची, छिन्नीने कापून सुट्या कड्या करायच्या. कडीची दोन टोके एकमेकांवर चढवून ठोकून चपटी करायची, त्यांत भोक पाडायचे, कडी चार शेजारणींमधून ओवायची आणि भोकात बारीक खिळा घालून रिबीट मारायचे. रिबीट न मारता टोके नुसती भिडवून ठेवली तर चिलखत दिसायला तेच दिसते. पण वार बसला, टोक घुसले, की कड्या उघडतात. म्हणून जुन्या काळच्या चांगल्या चिलखतांत रिबीट असते. गंज चढला तर वाळू भरलेल्या पिंपात घालून गडगडवावे. काळी झाक हवी तर लोखंड तापवून जवसाच्या तेलात बुडवावे. आणि जवसाचे तेल विदर्भाला कुणी परप्रांतातून आणून देण्याची गरज नाही.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. मोठे अर्थशास्त्र मला येत नाही, पण त्रैराशिक येते. एका चिलखताला पंचवीस हजार कड्या धरा. सरावलेला हात तासाला शंभर कड्या जोडतो असे धरा. म्हणजे अडीचशे तास झाले. आठ तासांच्या दिवसाने एक महिना आणि वर एक दिवस. दिवसाची मजुरी आठशे धरली तर पंचवीस हजारांच्या आसपास, वर तारेचे पैसे. हे चिलखत तेल लावून ठेवले तर मंडळाच्या चार पिढ्या घालतील. आता मिरवणुकीपुढे जी भोंग्यांची भिंत ट्रकवर चढवतात तिचे एका रात्रीचे भाडे काय असते ते ज्याने त्याने आपल्या गल्लीतल्या अध्यक्षाला विचारावे. मी विचारले होते. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुम्ही वर्गणी देत जा."

इथवर कुणी म्हणेल, चिलखत कागदी असले म्हणून बिघडले काय? बिघडते असे, की तलवार कागदी नसते. मंडळे हल्ली स्टेनलेसच्या तलवारी आणतात. त्या भिंतीवर टांगण्यासाठी केलेल्या असतात. लांब पात्याला ते स्टील ठिसूळ पडते. आणि पात्याची मुठीत जाणारी जी शेपटी असते, ती रुंद आणि अखंड असायची, ती असते बोटापेक्षा बारीक सळई, कशीबशी जोड मारून चिकटवलेली. अशी तलवार दोन-चारदा तलवारीवर आपटली की जोड सुटतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. पावनखिंड चालू होती. बाजीप्रभूंनी दणका दिला आणि हातात नुसती मूठ राहिली. पाते गिरकी घेत रंगमंचाबाहेर आले आणि संगीतशिक्षकांच्या पेटीच्या भात्यात शिरले. पेटीने असा काही सूर काढला की प्रेक्षक हसले आणि टाळ्या वाजल्या. पेटीच्या डाव्या हाताला पहिलीची मुले सतरंजीवर बसली होती. पुढच्या वर्षी बोथट, अखंड पात्यांच्या तलवारी लोहाओळीत करून घ्याव्यात असे मी सुचवले, तेव्हा व्यवस्थापनाकडून उत्तर आले की भाड्याच्या स्वस्त पडतात. पेटीची दुरुस्ती कोणत्या खात्यात टाकली ते मला कळले नाही.

खेळातल्या तलवारीची धार दोन मिलिमीटर तरी जाड आणि गोल असावी, टोक नाण्यासारखे वाटोळे असावे, आणि अंगात कापसाचा जाड गादीदार कुडता असावा, मग त्यावर चिलखत. कारण कड्या वार कापू देत नाहीत, पण हाड मोडायचे ते मोडतेच. तो धक्का कापूस सोसतो. आणि कंबरेला पट्टा आवळला की खांद्यावरचे निम्मे ओझे कंबरेवर उतरते. या गोष्टी आपल्या आजोबांना ठाऊक होत्या. तलवारीचा हात बसवायला त्यांनी फरीगदका हा खेळ ठेवला होता: चामडे मढवलेली काठी आणि चामड्याची लहान ढाल. खऱ्या पात्याशी पोरांना त्यांनी खेळू दिले नाही. आमच्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले होते. तेव्हा हे शास्त्र आपल्याला नवे नाही. आपण ते अडगळीत टाकले.

दुसरीकडे काय चालते पाहा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी १९६६ साली काही हौशी मंडळींनी मध्ययुगीन सरदारांसारखे लढायचा खेळ सुरू केला आणि आज त्याच्या शाखा देशोदेशी आहेत. त्यांची तलवार असते वेताची. चिलखत मात्र खरे, अंगाच्या मापाने केलेले, कारण वेताचाही मार जोरात बसतो. आपल्याकडे तलवार लोखंडाची आणि चिलखत पुठ्ठ्याचे! शहाणपण कुणाकडे आहे ते शाळेतल्या पोराला विचारा. आणि गंमत म्हणजे, असल्या परदेशी हौशी लोकांसाठी तलवारी आणि चिलखते करणारा एक मोठा कारखाना आपल्याच देशात, देहरादूनला आहे. विंडलास हे त्याचे नाव. १९४३ साली खुकऱ्या करण्यापासून त्याने सुरुवात केली. युरोपातल्या सरदाराचे चिलखत देहरादूनचा कारागीर करतो, आणि मराठी मावळ्याला मात्र चंदेरी कागद.

आता आक्षेपांना उत्तर देतो. आमचे एक नाट्यवेडे स्नेही म्हणतात, "अहो मास्तर, नाटक म्हणजे सोंगच. संगीत नाटकांतले राजेही बेगडाचेच मुकुट घालीत होते." बरोबर आहे, आणि त्या मुकुटांना माझा नमस्कार आहे. नाटकात राजा गातो. त्याच्या डोक्यावर कुणी तलवार घालीत नाही. सोंगालाही माझा विरोध नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे असतात. बांबू, कागद, चिंध्या! पण ती जाळण्यासाठी केलेली असतात, कुणी त्यांना खरे म्हणत नाही, आणि त्यांच्या बांधणीत जे कसब असते ते पाहायला अर्धे नागपूर लोटते. तिथे कागदच हवा. चौकात जेव्हा दोन तरुण खरोखरच एकमेकांवर पाते चालवतात, तेव्हा नाटक संपलेले असते.

दुसरे स्नेही शांततावादी. त्यांचे म्हणणे, शस्त्रांचे हे खूळ मुळातच वाईट, तुम्ही मास्तर असून त्याला खतपाणी घालता. त्यांना मी विचारतो, चिलखताने आजवर कुणाला मारले? १९५९ च्या शस्त्रकायद्याखाली नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार शस्त्र म्हणून मोजली जाते आणि सरकार त्यावर निर्बंध घालू शकते. तेव्हा धारेची तलवार मिरवणुकीत नको, या बाबतीत मी त्यांच्याच बाजूला आहे. पण एखाद्या बारा-चौदा वर्षांच्या पोराला नुसते दहा मिनिटे खरे चिलखत घालू द्या. पहिल्या मिनिटाला तो हसतो. पाचव्या मिनिटाला खांदे दुखतात. दहाव्या मिनिटाला तो विचारतो, हे घालून ते घोड्यावर कसे बसत असतील? रात्रभर कसे चालत असतील? मग त्याला हेही सांगता येते की सगळ्या मावळ्यांना चिलखत परवडत नव्हते, पुष्कळांच्या अंगावर नुसता जाड कापसाचा कुडता असे आणि कित्येकांच्या अंगावर तोही नसे. कागदी चिलखत घातलेल्या पोराला लढाई हलकी वाटते. घोषणा देणे त्याला सोपे जाते.

तिसरा आक्षेप उन्हाचा. नागपूरच्या उन्हात लोखंड कोण घालणार? शिवजयंती फेब्रुवारीत येते, आणि वैशाखातली घ्यायची असेल तर संध्याकाळी घ्या. तेवढी अक्कल भोसल्यांच्या शिपायांनाही असेल.

हे सारे लिहायच्या आधी मी लोहाओळीतल्या एका वयस्क कारागिराकडे गेलो होतो. विळ्या-खुरप्यांचा ढीग पुढ्यात होता. हातभर तारेच्या पाच-सहा रिबीट मारलेल्या कड्या मी नमुन्यादाखल पुढे ठेवल्या. त्याने एक कडी चिमटीत धरून उजेडाकडे नेली, खिळ्याचे डोके नखाने चाचपले, आणि म्हणाला, "हे तं माह्या आजानं केलं असतं हसत हसत." मी विचारले, "तुम्ही कराल?" "करून तं देईन गुरुजी, पन घेते कोन?"

घेते कोण, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. ते मंडळांपाशी आहे, शाळांपाशी आहे, आणि अजब बंगल्यापुढे रांग लावणाऱ्या आपल्या सर्वांपाशी आहे. एका गल्लीने एक चिलखत करवून घ्यावे. वर्षाला एकच. जोडीला चार बोथट तलवारी, अखंड शेपटीच्या, आणि आतले कापसाचे कुडते. ते घरच्या बायका गोधडी शिवतात त्याच टाक्याने शिवता येतील. मंडळाच्या अध्यक्षाने जाताना ज्याला चिलखत घालायचे त्या तरुणाला सोबत न्यावे, कारण छातीचे आणि खांद्याचे माप तिथेच घ्यावे लागते, आणि माप घेताना त्याने कुडता घातलेला असावा. बयाणा म्हणून तारेचे पैसे आधी द्यावे लागतील. फेब्रुवारीसाठी काम हवे असेल तर दिवाळी उलटताच गेलेले बरे. एक महिना आणि एक दिवस लागतो हे वर सांगितलेच आहे. दुपारी दोन ते चार तो जेवायला घरी जातो.